सूचीचे स्थलांतर : तंत्रज्ञाचे काम की संपादकाचे?

वाङ्मयीन संशोधनात सूचिकार्य हे पायाभूत मानले जाते. शंकर गणेश दाते यांनी 'मराठी ग्रंथसूची'च्या दोन खंडांत १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० या कालखंडांतील ग्रंथांची नोंद केली नसती, तर पुढील पिढ्यांतील कितीतरी प्रबंधांची पहिली प्रकरणे लिहिलीच गेली नसती. सूची कशी करावी याविषयी आपल्याकडे काही विचार झालेला आहे. केलेली सूची एका साधनातून दुसऱ्या साधनात नेताना तिचे काय होते, याचा विचार मात्र फारसा झालेला नाही. सूची कार्डांवर होती तोवर हा प्रश्न तीव्र नव्हता. ती संगणकावर आली आणि तेथून संकेतस्थळावर गेली, तेव्हा तो तीव्र झाला.

अशा प्रकल्पांची वाटचाल बहुधा ठरावीक असते. एखादा विभाग नियतकालिकांची किंवा ग्रंथांची सूची हाती घेतो. विभागातील एकाच संगणकावर मायक्रोसॉफ्ट ॲक्सेससारख्या छोटेखानी डेटाबेसमध्ये नोंदी भरल्या जातात. काही वर्षांनी तीच संचिका संकेतस्थळाला जोडली जाते. प्रारंभी सर्व सुरळीत चालते. पुढे नोंदी वाढतात, शोध घेणारे वाढतात, निरनिराळ्या महाविद्यालयांतील अध्यापक एकाच वेळी नोंदी भरू लागतात. आणि एके दिवशी संकेतस्थळ उघडत नाही, किंवा उघडले तरी नोंदी अर्धवट दिसतात. मग 'मोठ्या डेटाबेसवर जाण्याचा' निर्णय होतो आणि ते काम तांत्रिक समजून बाहेरच्या व्यक्तीकडे सोपवले जाते. हा निर्णय योग्य असतो, परंतु काम सोपवण्याची ही रीत चुकीची असते. सूचीचे स्थलांतर ही संपादकीय कृती आहे आणि तिची जबाबदारी संपादकाचीच असली पाहिजे, हे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

१

प्रथम छोट्या डेटाबेसची मर्यादा नेमकी कशात आहे, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेस हा डेटाबेस १९९२ मध्ये बाजारात आला. त्याची रचना एका टेबलावरील एका संगणकासाठी, फार तर एका कार्यालयातील मोजक्या माणसांसाठी होती. सर्व तक्ते एकाच संचिकेत असतात, आणि ज्याला माहिती हवी त्याचा संगणक ती संचिका स्वतःच उघडून वाचतो. ग्रंथालयाच्या भाषेत सांगायचे तर येथे देवघेवीच्या खिडकीवर कोणी कर्मचारी नसतो. प्रत्येक वाचक थेट कपाटाशी जातो. चार वाचक असतील तर ही व्यवस्था सोयीची असते. चाळीस जण एकदम आले आणि त्यांतील दहा जण ग्रंथ परत ठेवू लागले, की गोंधळ होतो.

या व्यवस्थेच्या काही मर्यादा आकड्यांत सांगता येतात. संचिकेचा आकार २ गिगाबाइटपुरता सीमित असतो. एका वेळी जोडलेल्यांची कमाल संख्या २५५ असते. लहान मजकुराच्या रकान्यात २५५ चिन्हांहून अधिक मावत नाही. प्रत्यक्षात मात्र या संख्यांच्या पुष्कळ अलीकडेच अडचणी सुरू होतात. कोणी नोंद बदलत असताना जोडणी तुटली तर संचिका बिघडण्याचा संभव असतो. पुसलेल्या नोंदींची जागा आपोआप मोकळी होत नाही. ती मोकळी करण्यासाठी संचिका सर्वांना बंद करून आवळावी लागते. संचिका वापरात असताना तिची नक्कल काढली तर ती नक्कल सुसंगत असेलच असे नाही.

मोठ्या, सर्व्हरवर चालणाऱ्या डेटाबेसमध्ये कपाटाशी एकच कर्मचारी असतो. पोस्टग्रेएसक्यूएल, मायएसक्यूएल किंवा मायक्रोसॉफ्टचाच एसक्यूएल सर्व्हर यांत संचिकांना हात लावण्याचा अधिकार फक्त त्या एका कार्यक्रमाला असतो. इतर सर्व जण त्याच्याकडे मागणी नोंदवतात. बदल करण्याआधी तो बदल एका दैनंदिनीत लिहिला जातो; त्यामुळे मध्येच वीज गेली तरी अर्धवट राहिलेले काम ओळखून ते पूर्ण करता येते किंवा रद्द करता येते. काम चालू असताना प्रत काढता येते. कोणी काय पाहावे आणि कोणी काय बदलावे, हे व्यक्तिगणिक ठरवता येते. अनेक जण लिहिणार असलेल्या सूचीला अशा व्यवस्थेची गरज असते, यात शंका नाही.

तथापि 'संकेतस्थळ म्हटले की मोठा डेटाबेस' हे समीकरणही तपासून पाहिले पाहिजे. एसक्यूलाइट हा २००० साली रिचर्ड हिप यांनी निर्माण केलेला डेटाबेसही एकाच संचिकेत राहतो. तरीही दिवसाला लाखाच्या आत भेटी होणाऱ्या संकेतस्थळाला तो सहसा पुरेसा ठरतो, असे त्याचे कर्तेच सांगतात. तेथे असंख्य वाचकांना एकाच वेळी वाचता येते. लिहिणारा मात्र एका वेळी एकच असतो. एखाद्या विभागाची सूची वर्षातून दोनदाच सुधारली जात असेल आणि उरलेला काळ केवळ वाचली जात असेल, तर तिला मोठ्या सर्व्हरचा खर्च आणि त्याची नित्य देखभाल यांची गरज असेलच असे नाही. म्हणजे निर्णयाचा निकष नोंदींची संख्या हा नसून एका वेळी लिहिणाऱ्यांची संख्या आणि त्या लेखनाचे मोल हा आहे. हा निकष लावण्यासाठी सूचीचे काम कसे चालते याची जाण लागते. ती तंत्रज्ञाकडे नसते, संपादकाकडे असते.

२

खरा प्रश्न यापुढे उद्भवतो. संचिका एका व्यवस्थेतून दुसऱ्या व्यवस्थेत नेणे म्हणजे पेटीतील कागद दुसऱ्या पेटीत ठेवणे, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ते एखादी पोथी नव्याने उतरवून काढण्यासारखे आहे. उतरवणारा लिपी जाणतो, पण विषय जाणत नाही. म्हणून तो जेथे अडतो तेथे स्वतःच्या समजुतीने निर्णय करतो आणि तो निर्णय कोठेही नोंदवत नाही. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला या परिस्थितीची ओळख असते. फरक इतकाच, की लेखनिकाची चूक एका पानावर होते आणि स्थलांतरातील चूक एकाच वेळी सर्व नोंदींवर होते.

मराठीच्या बाबतीत पहिली अडचण लिपीच्या साठवणीची आहे. युनिकोड सर्वत्र रुळण्यापूर्वी भरलेल्या अनेक नोंदी विशिष्ट टंकांवर अवलंबून होत्या. पडद्यावर देवनागरी दिसत असली तरी आत रोमन अक्षरांचे संकेत साठवलेले असत. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये इस्की ही संकेतप्रणाली प्रमाणित केली होती; पण छपाईसाठी घडवलेल्या टंकांनी आपापले स्वतंत्र संकेत वापरले. अशा नोंदींचे रूपांतर करताना ऱ्हस्व वेलांटी हे नेहमीचे अडखळण्याचे ठिकाण ठरते; कारण टंकात ती व्यंजनाच्या आधी असते, तर युनिकोडमध्ये व्यंजनानंतर साठवली जाते. एखाद्या रकान्यात मराठी शीर्षकाशेजारी इंग्रजी शीर्षकही रोमन लिपीत असेल, तर रूपांतर करणारा कार्यक्रम त्याचीही 'देवनागरी' करून टाकतो. अशा हजारो नोंदींतून दोनशे नोंदी विद्रूप झाल्या, तर त्या ओळखण्यास विषयाचा जाणकारच लागतो.

नोंदी युनिकोडमध्ये असल्या म्हणजे प्रश्न संपतो असेही नाही. मायएसक्यूएलमध्ये कित्येक वर्षे मूळ संकेतसंच लॅटिन हा होता. युनिकोडचा पूर्ण संच तेथे स्वाभाविक निवड म्हणून २०१८ मध्ये, आठव्या आवृत्तीत आला. ही निवड आधी बदलून न घेता मराठी मजकूर तेथे भरला, की अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उरतात आणि मूळ अक्षरे त्यांतून परत मिळवता येत नाहीत. रकान्याच्या लांबीचाही विचार करावा लागतो. 'ज्ञानेश्वरी' हा शब्द वाचकाला चार अक्षरांचा वाटतो. युनिकोडमध्ये तो अकरा चिन्हांचा असतो आणि यूटीएफ-८ या पद्धतीने त्याला तेहतीस बाइट लागतात. एकोणिसाव्या शतकातील ग्रंथांची लांबलचक शीर्षके लक्षात घेता, लांबी मोजण्याचे परिमाण बदलले की शीर्षकाचे शेपूट तुटण्याचा धोका असतो. मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्त्या असे शीर्षक मुकाट्याने छाटत आणि केवळ एक सूचना मागे ठेवत; २०१५ मधील ५.७ या आवृत्तीपासून असा मजकूर नाकारणे हा मूळ नियम झाला.

मराठीची खास अडचण आणखी सूक्ष्म आहे. 'दुसऱ्या' या शब्दातील अर्धा र दोन प्रकारांनी साठवला जातो : एका प्रकारात ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन ते हलंत केले जाते, दुसऱ्या प्रकारात साधा र हलंत करून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवले जाते. डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात. यंत्राला ते भिन्न शब्द वाटतात. इंग्रजी नामांत येणाऱ्या ॲ या अक्षराची स्थितीही अशीच आहे. त्यासाठी स्वतंत्र चिन्ह युनिकोडमध्ये २००८ साली आले. तत्पूर्वीच्या नोंदींत ते अ आणि अर्धचंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिलेले आढळते. शोधणाऱ्याने एक रूप टंकित केले आणि नोंद दुसऱ्या रूपात असली, तर 'नोंद उपलब्ध नाही' असे उत्तर मिळते. त्या उत्तरावर विसंबून एखादा विद्यार्थी अमुक लेखकाचे लेखन या नियतकालिकात नाही असे विधान प्रबंधात करतो. येथे संशोधनाच्या सत्यतेलाच बाधा येते.

अनुक्रमाचेही तसेच आहे. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, आणि क्ष व ज्ञ त्यानंतर. युनिकोडच्या क्रमांकांनुसार ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, क्ष हा क मध्ये मिसळतो आणि ज्ञ हा ज मध्ये. डेटाबेसला मराठी अनुक्रम वापरण्यास स्पष्टपणे सांगितले नाही, तर छापील सूचीची सवय असलेला वाचक 'क्ष'चा विभाग शेवटी शोधत राहतो. यांतील कोणता क्रम स्वीकारावा हे कोशकाराने ठरवायचे आहे. सर्व्हरच्या मूळ मांडणीने नव्हे.

३

लिपीहून गंभीर प्रश्न अर्थाचा आहे. एडगर कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या संबंधात्मक प्रतिमानानुसार एक तथ्य एकाच ठिकाणी नोंदवावे आणि तक्त्यांतील परस्परसंबंध खुणेने दाखवावेत, अशी अपेक्षा असते. छोट्या डेटाबेसमध्ये हे करता येत नाही असे नाही. पण एकट्या सूचिकाराने भरलेल्या संचिकेत बहुधा एकच लांबरुंद तक्ता असतो आणि त्यात 'लेखक' हा एकच रकाना असतो. मोठ्या डेटाबेसकडे जाताना तंत्रज्ञ लेखकांचा तक्ता वेगळा काढतो आणि पुनरुक्ती घालवतो. येथे राम गणेश गडकरी यांचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. नाटके त्यांच्या स्वतःच्या नावाने, कविता 'गोविंदाग्रज' या नावाने आणि विनोदी लेखन 'बाळकराम' या नावाने आहे. तीन नावे तीन व्यक्ती म्हणून ठेवली तर एका लेखकाचे समग्र लेखन एकत्र दिसणार नाही. तिन्ही मिळवून 'गडकरी' असे एकच नाव केले, तर लेखकाने कोणत्या लेखनासाठी कोणते नाव धारण केले हे वाङ्मयीन तथ्य नष्ट होईल. व्यक्ती आणि तिने धारण केलेले नाव या दोन वेगळ्या गोष्टी मानून दोन स्वतंत्र तक्ते करणे, हा येथील योग्य मार्ग होय. परंतु तो सुचण्यासाठी टोपणनावांची परंपरा ठाऊक असावी लागते. 'आरती प्रभू' आणि चिं. त्र्यं. खानोलकर, 'ग्रेस' आणि माणिक गोडघाटे यांच्या बाबतीतही हाच प्रश्न आहे.

प्रकाशनवर्षाचा रकाना असाच निसरडा आहे. जुन्या ग्रंथांवर पुष्कळदा शालिवाहन शक छापलेला असतो. शके १८०६ म्हणजे इसवी सनाच्या १८८४ चा बहुतेक भाग आणि १८८५ चे पहिले काही महिने. रकाना केवळ संख्येचा ठरवला, की शकात ७८ मिळवून एकच साल लिहिले जाते आणि मूळ छापील साल लुप्त होते. रिकाम्या रकान्याला तर तीन अर्थ असू शकतात : ग्रंथावर साल छापलेले नाही; साल छापलेले आहे पण पान फाटले आहे; किंवा सूचिकाराने प्रत पाहिलीच नाही. कार्डांवर हा भेद पेन्सिलीच्या खुणेने जपता येई. निष्काळजी स्थलांतरात तिन्हींच्या जागी शून्य येते, आणि मग शून्य साली प्रसिद्ध झालेले ग्रंथ अनुक्रमात सर्वांत आधी उभे राहतात. शून्य निदान डोळ्यांत भरते; एखाद्या नोंदीतील सालापुढचे 'अंदाजे' हे चिन्ह गळून पडले, तर ते कोणाच्या लक्षातही येत नाही.

४

स्थलांतरात इतिहास कसा हरवतो याचे एक बोलके उदाहरण विकिपीडियाचे आहे. इंग्रजी विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी सुरू झाला तेव्हा तो यूजमॉडविकी या साध्या प्रणालीवर चालत असे. तीत डेटाबेस नव्हता, प्रत्येक पान साध्या संचिकेत साठवले जाई आणि पानांच्या जुन्या आवृत्त्या मर्यादित काळच टिकत. वाढत्या वापराला ही व्यवस्था अपुरी पडू लागली. जानेवारी २००२ मध्ये मॅग्नस मान्स्के यांनी लिहिलेल्या, मायएसक्यूएलवर आधारलेल्या नव्या प्रणालीवर ते संकेतस्थळ नेण्यात आले, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये ली डॅनियल क्रॉकर यांनी ती प्रणाली पुन्हा नव्याने लिहिली. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाला हा डेटाबेस आरंभापासून लाभला. इंग्रजी विकिपीडियाच्या पहिल्या काही महिन्यांतील संपादनांचा मोठा भाग मात्र नव्या घरात आला नाही. तो कायमचा गेला, असे जवळजवळ दशकभर समजले जात होते. डिसेंबर २०१० मध्ये टिम स्टारलिंग यांना जुन्या संचिकांची एक प्रत सापडली आणि जानेवारी ते ऑगस्ट २००१ मधील इतिहास पुन्हा हाती लागला.

या घटनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. जगभरातील कुशल तंत्रज्ञ ज्या कामात गुंतले होते, तेथेही पूर्वेतिहास गळून गेला. तेव्हा दोष कौशल्याच्या उणिवेचा नव्हता. कामाची निकड संकेतस्थळ चालते ठेवण्याची होती, आणि जुन्या आवृत्त्या जपणे ही त्या निकडीपुढे दुय्यम बाब ठरली. दुसरी गोष्ट म्हणजे, जे परत मिळाले ते जुनी प्रत कोणीतरी ठेवून दिली होती म्हणून मिळाले. विभागीय सूचीच्या बाबतीत अशा योगायोगावर विसंबून राहता येणार नाही.

५

यावर एक आक्षेप संभवतो. मराठीच्या अध्यापकाने डेटाबेसचे तंत्र शिकावे, ही अपेक्षा अवाजवी आहे, असे म्हटले जाईल. हा आक्षेप मुद्द्याला सोडून आहे. छापखान्याचे तंत्र न जाणणारे संपादकही मुद्रिते तपासत आले आहेत. खिळे जुळवणे हे त्यांचे काम नव्हते, पण छापले गेलेले अक्षर न् अक्षर ही त्यांची जबाबदारी होती. स्थलांतरातही संपादकाने तंत्र शिकण्याची आवश्यकता नाही. नियम लिहून देण्याची आणि मुद्रिते तपासण्याची आहे. पैसा आणि वेळ यांची टंचाई हा दुसरा आक्षेप अधिक वास्तव आहे. तथापि पुढील गोष्टींपैकी एकीलाही मोठा खर्च लागत नाही.

स्थलांतरापूर्वीची मूळ संचिका बदल न करता, दिनांकासह, किमान दोन ठिकाणी जपून ठेवावी. ती केवळ ॲक्सेसच्या स्वरूपात न ठेवता साध्या युनिकोड मजकुरातही काढून ठेवावी. कारण आजचा कार्यक्रम उद्या उघडेलच याची हमी नसते. प्रत्येक रकान्याचा अर्थ, त्यातील रिकाम्या जागेचा अर्थ, लिपीची स्वीकृत रूपे आणि अनुक्रम यांविषयीचे नियम दोन-चार पानांत लिहून ते सूचीसोबत प्रसिद्ध करावेत. प्रत्येक जुन्या नोंदीचा क्रमांक नव्या नोंदीत टिकवावा, म्हणजे पूर्वीच्या प्रबंधांतील संदर्भ निराधार होणार नाहीत. स्थलांतरानंतर नोंदींची एकूण संख्या जुळली एवढ्यावर समाधान न मानता, प्रत्येक कालखंडातून आणि प्रत्येक प्रकारातून काही नोंदी मूळ ग्रंथाशी किंवा मूळ कार्डाशी ताडून पाहाव्यात. हे शेवटचे काम पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांकडून संशोधनपद्धतीच्या अभ्यासाचा भाग म्हणून करून घेता येईल. सूची म्हणजे काय, हे त्यातून त्यांना कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक नेमके समजेल.

छोट्या डेटाबेसला हिणवण्याचे कारण नाही. अनेक सूची आज अस्तित्वात आहेत त्या अशाच संचिकांमुळे. एकट्या अभ्यासकाला अनुदानाविना आणि कोणाच्या परवानगीविना काम सुरू करता आले, हे त्या साधनाचे ऋण मान्य केले पाहिजे. त्या संचिकांत अभ्यासकाच्या सवयी, शंका आणि अर्धवट राहिलेले निर्णयही साठलेले असतात. मोठ्या व्यवस्थेत जाताना ते सर्व स्वच्छ करून टाकण्याचा मोह होतो. त्यांतील काय कचरा आणि काय पुरावा, याचा निवाडा विषयाच्या जाणकारानेच करावयाचा असतो. म्हणून ज्या विभागाची सूची तिच्या पहिल्या घरात मावेनाशी झाली असेल, त्याने कंत्राटाच्या मसुद्यावर सही करण्यापूर्वी संपादक मंडळाची बैठक बोलवावी. तेथे पहिला प्रश्न सर्व्हरच्या किमतीचा नसावा. या सूचीतील कोणती गोष्ट हरवली तर ती पुन्हा मिळवता येणार नाही, हा असावा.